जुन्या खेळण्यांचा वास झाकू नका, काढा

थोड्या भांडवलात सुरू होणाऱ्या धंद्यांत जुन्या खेळण्यांची खरेदी-विक्री हा एक बरा धंदा आहे. मूल दोन-तीन वर्षांत खेळण्याला कंटाळते, पण खेळणे तोवर मोडलेले असतेच असे नाही. घर लहान असते, म्हणून ते पोत्यात भरून माळ्यावर टाकले जाते आणि पुढे घर बदलताना किंवा सणाच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जाते. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार, कोठेही पाहा, स्वच्छ आणि धड खेळण्याला गिऱ्हाईक असते. ज्या घरात नवे खेळणे परवडत नाही, तेथील आई-बाप अशा मालाची वाटच पाहत असतात.

मग माल अडतो कोठे? बहुतेक वेळा वासावर. गिऱ्हाईक बाई खेळणे हातात घेते, उलटसुलट करून पाहते आणि नाकाशी नेते. कुबट किंवा आंबट वास आला की भाव विचारायलाही ती थांबत नाही. तिचे बरोबरच आहे, कारण हेच खेळणे तिचे मूल उद्या तोंडात घालणार आहे. पुष्कळ विक्रेते यावर सोपी युक्ती करतात. थोडे अत्तर किंवा टाल्कम पावडर लावली, अगरबत्तीचा धूर दिला, की त्यांच्या दृष्टीने माल तयार. चार दिवसांनी अत्तर उडते आणि मूळ वास परत येतो. ते गिऱ्हाईक मात्र परत येत नाही.

आमचे सांगणे असे, की वास ही खेळण्याने स्वतः दिलेली खबर आहे. आत काय आहे हे ती सांगते. ती खबर वाचावी, कारण शोधावे, ते कारण काढून टाकावे आणि जेथे ते काढता येत नाही तेथे तो नग विकू नये. या लेखात हे काम कसे करावे ते क्रमाने पाहू.

वास कोठे बसलेला असतो?

वास येतो म्हणजे खेळण्यातील एखाद्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण हवेत उडून आपल्या नाकापर्यंत पोहोचतात. तो पदार्थ तीन ठिकाणी असू शकतो. पहिले ठिकाण म्हणजे खेळण्याचा पृष्ठभाग. त्यावर मळ, तेलकटपणा, लाळ, धुराचा थर असतो. हा धुऊन जातो. दुसरे ठिकाण म्हणजे कापड आणि आतला कापूस किंवा फायबर. येथे मेहनत अधिक लागते, पण काम होते. तिसरे ठिकाण म्हणजे खेळणे ज्यापासून बनले ते प्लॅस्टिक किंवा रबर स्वतः. तेथे धुण्याचा उपयोग नाही, कारण वास मळाचा नसून मालाचा आहे. कोणताही नग हाती आला की आधी एवढे ठरवावे. निम्मे काम तेथेच होते.

वास ओळखण्याची रीत

नाक लवकर थकते. पाच-दहा नग हुंगले की पुढच्याचा वास कळेनासा होतो. म्हणून थोडे नग तपासून मोकळ्या हवेत जावे आणि मग पुढचे घ्यावेत. संशय असेल तो नग स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि रात्रभर ठेवावा. सकाळी पिशवी उघडताच जो वास येईल तो खरा. हीच परीक्षा धुतल्यानंतर पुन्हा करायची आहे.

आता कोणता वास काय सांगतो ते पाहू.

कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात माळ्यावरच्या पोत्यातून येणारा बहुतेक माल असाच असतो.

आंबट वास म्हणजे दूध, लाळ किंवा उलटी. हे पदार्थ कुजून आम्ले तयार होतात.

डोळ्यांना चुरचुरणारा तिखट वास म्हणजे मूत्र. जंतू मूत्रातील युरियाचा अमोनिया करतात.

सिगारेट, बिडी किंवा स्वयंपाकघराचा वास म्हणजे पृष्ठभागावर बसलेला चिकट थर.

डांबराच्या गोळ्यांचा वास म्हणजे खेळणी कपड्यांच्या पेटीत ठेवली होती.

उंदराचा वास आला, लेंड्या किंवा कुरतडल्याच्या खुणा दिसल्या, तर कापडी खेळणे टाकून द्यावे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तेथे काटकसर करू नये.

हात लावताच चिकट लागणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या बाहुलीला गोडसर, उग्र वास येत असेल तर तो प्लॅस्टिकचाच आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ मिसळलेले असतात. वर्षे गेली की ते बाहेर झिरपतात. असा नग पुसला तरी काही दिवसांत पुन्हा चिकट होतो.

फार जुन्या, पातळ आणि हलक्या बाहुलीला बोटाने घासल्यावर कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची असू शकते. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो आणि ते झटकन पेट घेते. ती मुलाच्या हाती देण्याची वस्तू नव्हे. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यालाच ती दाखवावी आणि आगीपासून दूर ठेवावी.

लागणारे सामान

सामान फार नाही. भांडी धुण्याचा पातळ साबण, कपड्यांची चांगली पावडर, खाण्याचा सोडा, पांढरा सिरका म्हणजे व्हिनेगर, जुने दात घासायचे ब्रश, जाळीच्या पिशव्या किंवा उशीचे जुने अभ्रे, रबरी हातमोजे, लाकडी कोळसा आणि झाकणाचे मोठे डबे एवढे पुरे.

सोडा घेताना खाण्याचाच घ्यावा. धुण्याचा सोडा वेगळा आणि फार तिखट असतो. त्याने हात सोलतात. सिरकाही रंगीत घेऊ नये, कापडाला डाग पडतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सोडा आंबट वासावर चालतो, कारण तो आम्लाला मारतो. सिरका अमोनियाच्या आणि धुराच्या वासावर चालतो, कारण तो स्वतः आम्ल आहे. काही लोक दोन्ही एकत्र ओततात आणि फेस आला की खूश होतात. तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना मारल्याची खूण आहे. हाती राहते जवळजवळ साधे पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर एक वापरून, स्वच्छ धुऊन, मग दुसरा वापरावा.

आणि एक इशारा. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच कधीही सिरका, लिंबू किंवा संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. अमोनियाबरोबरही तसेच घातक वायू निघतात. म्हणून मुताचा वास असलेल्या नगावर सरळ ब्लीच ओतू नये. लहान खोलीत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

कडक प्लॅस्टिकची खेळणी

हा सर्वांत सोपा माल. गाड्या, ठोकळे, भातुकलीची भांडी वगैरे कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास बुडवावीत. सांधे, चाकांच्या खोबणी आणि स्क्रूच्या खळग्या ब्रशने घासाव्यात, कारण वास तेथेच दडलेला असतो. पाणी उकळते नसावे, त्याने प्लॅस्टिक वाकडे होते. धुरकट वास राहिला तर निम्मा सिरका आणि निम्मे पाणी करून फडक्याने पुसावे, दहा मिनिटांनी धुवावे. आंबट वास राहिला तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात तासभर ठेवावे.

बुरशीचे डाग असतील तर साबणाने धुतल्यावर एक लिटर पाण्यात साधारण २० मिलिलिटर ब्लीच घालून ते पाच मिनिटे लावून ठेवावे. मग वाहत्या पाण्याने भरपूर धुवावे. हे फक्त कडक, रंग न जाणाऱ्या प्लॅस्टिकसाठी आहे.

आंघोळीच्या वेळची, दाबली की पाणी उडवणारी रबरी बदके आणि मासे घेऊच नयेत. खालच्या बारीक भोकातून आत गेलेले पाणी वाळत नाही, आत काळी बुरशी होते आणि ब्रश तेथे पोहोचत नाही.

कापडी खेळणी आणि टेडी

खरी कसोटी येथे आहे. प्रथम शिवण दाबून आत काय आहे ते पाहावे. पॉलिएस्टरचा फायबर असेल तर पूर्ण धुता येतो. कापूस असेल तर तो पाणी धरून ठेवतो, गोळे होतात आणि मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो. भुसा, फोम किंवा थर्माकोलचे मणी असतील तर पाण्यात बुडवू नये.

धुण्याआधी नग उन्हात चांगला झटकावा. आंबट किंवा साधा बंद वास असेल तर मोठ्या डब्यात घालून वरून खाण्याचा सोडा भुरभुरावा, डबा हलवावा आणि एक रात्र ठेवावा. सकाळी सोडा ब्रशने पूर्ण झाडून काढावा. पुष्कळ नगांचे काम एवढ्यावरच होते आणि पाणी वाचते.

धुवायचा नग उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधावे. दूध, लाळ, मूत्र यांसाठी ज्या पावडरीच्या पुड्यावर एन्झाइम असल्याचे लिहिले असेल ती घ्यावी. एन्झाइम हे डागाचे लहान तुकडे करतात, पण उकळत्या पाण्यात ते स्वतःच निकामी होतात. म्हणून कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवावे. मुताचा वास असेल तर धुतल्यावर पाण्यात वाटीभर सिरका घालून दहा मिनिटे ठेवावे आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवावे. साबण आत राहिला तर त्याचाही वास येतो आणि मळ लवकर धरतो, म्हणून पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळावे.

पिळू नये. पिळल्याने आतला फायबर गोळा होतो. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबावे, मग जाळीवर किंवा दोरीवर उन्हात ठेवावे आणि दर दोन तासांनी बाजू बदलावी. एक ते दोन दिवसांत आतपर्यंत वाळले पाहिजे. त्याहून उशीर झाला तर जी बुरशी काढण्यासाठी धुतले तीच नव्याने धरते. वाळले की नाही हे पाहण्यासाठी नग कोरड्या कागदात घट्ट दाबावा. कागद गार किंवा ओलसर लागला तर आत पाणी आहे. कडक उन्हात रंग फिका पडतो, म्हणून गडद रंगाचे नग हवेशीर सावलीत वाळवावेत.

ज्या नगात कापूस आहे, किंवा फायबरलाच कुबट वास आहे, त्याची पाठीची शिवण उसवावी, आतले सर्व काढून टाकावे, फक्त कापड धुवावे आणि उशांत भरतात तो नवा फायबर भरून पुन्हा शिवावे. जुने आतले पुन्हा वापरू नये. शिवणकाम जाणणाऱ्या आमच्या भगिनींना घरबसल्या करता येण्यासारखे हे काम आहे. डोळे आणि बटणे ओढून पाहावीत, सैल असतील तर काढून त्या जागी दोऱ्याचे भरतकाम करावे.

पावसाळ्यात कापडी माल स्वस्त मिळतो म्हणून लोक पोती भरून घेतात. वाळवण्याची सोय नसेल तर हा सौदा महागात पडतो. ओले पोते घरात ठेवले तर एका नगाची बुरशी सगळ्या मालाला लागते. तेव्हा घ्यायचाच असेल तर माल त्याच दिवशी पोत्यातून काढून पंख्याखाली पसरावा.

लाकडी आणि बॅटरीची खेळणी

आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत आणि जुन्या मालात तीही येतात. लाकूड पाण्यात बुडवू नये, ते फुगते आणि चिरते. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. लाखेचा मुलामा असेल तर स्पिरिट लावू नये, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मग कोळशाच्या डब्यात आठवडाभर ठेवावे. कोळसा कापडाच्या पुरचुंडीत बांधावा, म्हणजे खेळणी काळी होणार नाहीत. ज्या जुन्या खेळण्यांचा रंग पोपडे धरून निघतो आहे, ती काचकागदाने घासू नयेत. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात जाते. असा नग बाजूला काढावा.

बॅटरीच्या खेळण्याला उग्र वास आला तर सेलचा डबा उघडावा. फुटलेल्या सेलची पांढरी पूड दिसेल. हातमोजे घालून सेल काढावेत आणि कोरड्या ब्रशने पूड झाडावी. अल्कलाइन सेल असेल तर काडीला कापूस लावून सिरक्याचा हलका हात फिरवावा, कारण ती पूड क्षारीय असते. साधा झिंक-कार्बन सेल असेल तर सोड्याचे पाणी वापरावे. नंतर ओलसर कापसाने पुसून वाळवावे. बटणासारख्या चपट्या सेलच्या झाकणाचा स्क्रू हरवला असेल तर ते खेळणे विकू नये. असा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

डांबराच्या गोळ्यांविषयी

हा वास धुऊन लवकर जात नाही, कारण नॅप्थलीन पाण्यात विरघळत नाही. ते मात्र हवेत उडून जाते. म्हणून असे नग ऊन आणि वारा लागेल अशा जागी अनेक दिवस उघडे ठेवावेत, मग धुवावेत. धंद्याचा माल साठवतानाही कीड लागू नये म्हणून या गोळ्या टाकण्याची सवय आहे. ती सोडावी. जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मतः कमतरता असलेल्या तान्ह्या मुलांत नॅप्थलीनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. कोणत्या घरातल्या मुलाला ही कमतरता आहे हे विक्रेत्याला कळणे शक्य नाही.

टाकून द्यायचे नग आणि हिशेब

सर्वांत अवघड काम धुण्याचे नव्हे, टाकून देण्याचे आहे. पैसे देऊन घेतलेला माल कचऱ्यात जाताना हात अडखळतो. म्हणून हिशेब आधीच मांडावा. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून दिले आहेत.

समजा, १०० नगांचा लॉट १,५०० रुपयांना घेतला. नग १५ रुपयांना पडला असे वाटते. पण त्यात २० नग टाकण्याजोगे निघाले. उरले ८०. म्हणजे खरा भाव १८ रुपये ७५ पैसे. साबण, सोडा, सिरका, पिशव्या यांना २४० रुपये आणि दोघांच्या एकेक दिवसाच्या मजुरीचे ८०० रुपये धरले, तर एकूण खर्च २,५४० रुपये झाला आणि नग ३१ रुपये ७५ पैशांना पडला. ५० रुपयांनी विकला तर ४,००० रुपये येतात आणि १,४६० रुपये नफा राहतो. घरातल्या माणसांनी केलेले काम फुकट धरू नये, नाहीतर धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे कधीच कळत नाही.

आता मोह कोठे आहे ते पाहा. ते २० नग अत्तर लावून खपवले तर आणखी १,००० रुपये मिळतात. हिशेबाच्या वहीत ही रक्कम मोठी दिसते. पण तिच्या दुसऱ्या बाजूला आहे चिकट पीव्हीसी चोखणारे मूल, बुरशीच्या टेडीला बिलगून झोपणारे दम्याचे मूल, आणि ज्यांनी विश्वासाने माल नेला ते शेजारी. त्यापेक्षा लॉट घेतानाच सरासरी २० नग जातील असे धरून भाव करावा. हे नुकसान खरेदीच्या भावात बसवायचे असते, मुलाच्या अंगावर नव्हे.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक लागू होऊन आयएसआय मार्क सक्तीचा झाला. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यात सूट आहे. मऊ प्लॅस्टिकमधील थॅलेट या पदार्थांची तपासणीही या मानकाचा भाग आहे. जुन्या बाजारात येणारा पुष्कळ माल त्याआधीचा असतो आणि त्यावर हा मार्क सापडत नाही. निवड करताना मार्क असलेल्या नगाला पहिला मान द्यावा. तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलांसाठी बिनमार्कचे मऊ प्लॅस्टिक ठेवूच नये.

शेवटची परीक्षा आणि विक्री

तयार नग पुन्हा पिशवीत बांधून रात्रभर ठेवावा आणि सकाळी घरातल्या अशा माणसाने हुंगावा, ज्याने आदल्या दिवशी धुण्याचे काम केलेले नाही. वास नसेल तर तो विक्रीच्या डब्यात जाईल. किंचित वास असेल तर आणखी एक आठवडा कोळशात ठेवावा. मग तरीही राहिला तर कारण आत आहे असे समजावे आणि नग काढून टाकावा. फ्रिजमध्ये ठेवून पाहण्याचा सल्ला काही लोक देतात. थंडीने वास दबतो, जात नाही. नग गरम झाला की तो परत येतो.

विक्रीच्या वेळी प्रत्येक नगाला छोटी चिठ्ठी लावावी: ‘साबणाने धुतलेले’, ‘नवा फायबर भरलेला’, ‘फक्त पुसलेले’. मालात काही ऐब असेल तर गिऱ्हाईकाने विचारण्यापूर्वी तो सांगावा आणि भाव तेवढा कमी करावा. आणि खेळणे नाकाशी नेणाऱ्या गिऱ्हाईकावर चिडू नये, उलट आपणच ते तिच्या हाती देऊन वास घेऊन पाहा म्हणावे. ज्या दुकानदाराला असे म्हणण्याची भीती वाटत नाही, त्याचा माल पुढच्या बाजारात शोधत लोक येतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिला लॉट २५ नगांहून मोठा घेऊ नये. तो धुऊन, वाळवून, विकून हिशेब लिहावा, किती नग टाकावे लागले ते मोजावे आणि मगच दुसऱ्या लॉटचा भाव ठरवावा.